आत सिगारेट बंद केली तर धंदा बसेल का? मालकांच्या भीतीबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न मी असा वाचला: पूल टेबलं, बार आणि शनिवारी लाइव्ह संगीत असलेली तुमची जागा आहे. कायद्याची सूट असल्यामुळे सध्या आत सिगारेट चालते, पण ही सूट जाणार अशी चर्चा आहे. तुम्हाला त्याआधीच आपणहून बंद करायची आहे. भागीदार म्हणतो निम्मं गिऱ्हाईक जाईल, आजूबाजूचे मालक आणि संघटनाही त्याच्याच बाजूने. जिथे बंदी आली तिथल्या मालकांना आता खरंच काय वाटतं आणि आधी एवढा आरडाओरडा करणारे नंतर गप्प का होतात, असं तुम्ही विचारलंय.

मी आधी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या मालकीचे क्लब आणि पूल हॉल सांभाळले. आता मालकांना जागेचं कामकाज बसवून देते. आत सिगारेट बंद करायचं काम त्यात बऱ्याचदा येतं, कधी कायदा डोक्यावर आला म्हणून, कधी मालकाच्याच मनात आलं म्हणून. माझं उत्तर असं आहे की तुमच्यासारख्या जागेत निम्मं गिऱ्हाईक जात नाही. पण ‘काहीच फरक पडत नाही’ असं आरोग्यवाले सांगतात तेही सगळ्यांना लागू नाही. जागा कसली आहे, बाहेर उभं राहायला जागा आहे का, शेजारच्यांना तोच नियम आहे का, यावर बरंच अवलंबून. आणि जुगाराची मशीन किंवा बिंगो (आपल्याकडची हाउजी) असेल तर हिशेबच वेगळा. त्याबद्दल खाली लिहिते.

भागीदार तुम्हाला घाबरवायला बोलतोय असं समजू नका. काउंटरमागून जे दिसतं तेच तो सांगतोय. रोजच्या लोकांत सिगारेट ओढणारे जास्त लक्षात राहतात, कारण ते उशिरापर्यंत बसतात, एखादा पेग जास्त घेतात, बारटेंडरला नावाने हाक मारतात. त्यातल्या दोघातिघांनी ‘बंद केलंत तर आमचा रामराम’ म्हटलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. दुसरीकडे, जे दारातून डोकावले, धुराचा भपका आला म्हणून तसेच मागे फिरले, ते कोणाच्याच वहीत नसतात. घरी गेल्यावर रात्री अकराला केस धुवावे लागतात म्हणून महिन्यातून एकदाच येणारी बाई कधी तक्रार करत नाही. ती नुसती कमी येते. म्हणजे मालकाचा अंदाज खोटा नसतो, एका डोळ्याने केलेला असतो.

आणि रामराम म्हणणारे खरंच जातात का? मी पाहिलेल्या जागांमध्ये बहुतेक आठ-पंधरा दिवस रुसले आणि परत आले. साधं कारण आहे. सिगारेट त्यांना कुठेही ओढता येते, त्यासाठी ते तुमच्याकडे येत नव्हते. टेबल चांगलं आहे, दोस्त इथेच भेटतात, शनिवारी गाणं असतं, म्हणून येत होते. शिवाय पाचजणांच्या टोळक्यात दोघे ओढत असतील तर आज कुठे बसायचं हे ते दोघे एकटे ठरवत नाहीत.

पैशाच्या या भीतीखाली आणखी एक भीती असते, आणि माझ्या मते मालकांची खरी भीती तीच: एकटं पडण्याची. विरोध करणाऱ्या मालकाला मी नेहमी एकच विचारते. उद्यापासून सगळ्यांना, एकाच दिवशी, कोणालाही सवलत नाही, असं झालं तर? समोरचा माणूस जरा थांबतो आणि म्हणतो, ‘तसं असेल तर मग काय, चालेल.’ संघटनेच्या बैठकीत जोरजोरात बोलणारे मालकही खाजगीत हेच बोलतात.

जर्मनीत हा मुद्दा थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला. तिथे राज्याराज्यांनी बंदी आणली, पण मोठ्या जागांना वेगळी खोली काढून आत सिगारेट चालू ठेवायची मुभा दिली. एकाच खोलीच्या छोट्या पबवाल्याकडे वेगळी खोली काढायला जागाच नव्हती. ३० जुलै २००८ ला न्यायालयाने बर्लिन आणि बाडेन-वुर्टेम्बर्गच्या नियमांबाबत या छोट्या मालकांचं म्हणणं उचलून धरलं. सरसकट बंदी घालायला हरकत नाही, पण मोठ्यांना सवलत द्यायची तर छोट्यांना वाऱ्यावर सोडता येणार नाही, असा त्या निकालाचा गाभा. त्यानंतर ७५ चौरस मीटरपेक्षा लहान, जेवण न देणाऱ्या आणि १८ वर्षांखालच्यांना आत न घेणाऱ्या पबना सूट मिळाली. बव्हेरियाने मात्र जुलै २०१० मध्ये सार्वमत घेतलं आणि सवलती काढून टाकल्या. सुमारे ६१ टक्के मतं कडक बंदीच्या बाजूने पडली. मला या प्रकरणात महत्त्वाचं वाटतं ते हे, की मालक कोर्टात गेले ते शेजाऱ्याला मिळालं आणि आपल्याला नाही, या रागातून.

याचा तुमच्यासाठी अर्थ जरा कडू आहे. तुम्ही कायद्याआधी, एकट्याने करायला निघालात, म्हणजे सगळ्यांत अवघड वाट धरलीत. शेजारच्या चौकात सिगारेट चालत असताना तुमच्याकडे बंद, अशी स्थिती काही काळ राहील. कायद्याची तारीख जवळ असेल तर हा काळ छोटा आहे आणि तुम्ही आधी सरावाल हा फायदाच. कायदा नुसताच चर्चेत असेल आणि वर्षानुवर्षं येणार नसेल, तर भागीदाराच्या काळजीत जास्त दम आहे.

तिसरी भीती कोणी उघड बोलत नाही. गिऱ्हाइकाला नाही कोण म्हणणार? मालक तर बहुतेक वेळा रात्री नसतोच. ते काम येतं वीस-बावीस वर्षांच्या वेटरवर, समोर चार पेग झालेला आणि चांगली टिप देणारा माणूस. कायदा असला की वेटरला आड मिळते, ‘आम्हाला दंड होतो हो’ एवढं म्हटलं की विषय संपतो. तुमच्याकडे ती आड नाही. ‘मालकांचा नियम आहे’ म्हटलं की लगेच ‘बोलाव मालकाला’. त्यामुळे पहिले दोन महिने तुमच्यापैकी एका भागीदाराला गर्दीच्या रात्री तिथे हजर राहावं लागेल. हे जमणार नसेल तर सुरूच करू नका, कारण एकदा एका ओळखीच्या माणसाला ‘आजच्या दिवस’ सोडलं की नियम गेला.

आता जिथे बंदी आली तिथे काय झालं ते बघू. कॅलिफोर्नियात रेस्टॉरंटमध्ये १९९५ पासून आणि बारमध्ये १ जानेवारी १९९८ पासून आत सिगारेट बंद झाली. तिथल्या बारमालक आणि कर्मचाऱ्यांना १९९८ मध्ये विचारलं तेव्हा धूर नसलेल्या जागी काम करणं पसंत असलेले सुमारे १७ टक्के होते. २००२ मध्ये तेच प्रमाण सुमारे ५१ टक्के झालं. चार वर्षांत मत इतकं फिरलं. पण या आकड्याकडेही जरा तिरक्या नजरेने बघते मी. ज्याची जागा मधल्या काळात बंद पडली तो दुसऱ्या पाहणीत सापडत नाही. तुम्ही विचारलंत ना, ओरडणारे गप्प का होतात? थोडेजण गप्प होतात कारण ते धंद्यातच उरत नाहीत. बाकीचे, आणि ते खूप जास्त असतात, गप्प होतात कारण सांगण्यासारखं काही झालेलंच नसतं. ‘आमचं काही बिघडलं नाही’ हे सांगायला कोणी पत्रकार परिषद घेत नाही.

आयर्लंडमध्ये २९ मार्च २००४ ला पबसकट सगळ्या कामाच्या जागी बंदी आली. पबमालकांच्या संघटनांनी आकाशपाताळ एक केलं होतं. जुलैमध्ये गॉलवेतल्या एका पबने उघड उघड बंदी झुगारली आणि काही दिवसांतच माघार घेतली. नियम पाळणाऱ्या जागांचं प्रमाण मात्र पहिल्याच वर्षी नव्वद टक्क्यांच्या वर होतं. पबची विक्री त्या वर्षी घटली, हे खरं. पण ती बंदीच्या आधीच्या दोन वर्षांपासूनच घटत होती. म्हणून ‘बंदी आली आणि विक्री पडली’ म्हणणाऱ्याला ‘त्याआधी काय चाललं होतं’ हा प्रश्न विचारायचाच.

तोच प्रश्न दुसऱ्या बाजूलाही विचारावा. न्यूयॉर्क शहरात मार्च २००३ अखेरीस बार आणि रेस्टॉरंटमध्ये बंदी आली. वर्षभराने शहर प्रशासनाने जाहीर केलं की या धंद्यांकडून येणारा कर ८.७ टक्क्यांनी वाढला. बंदीचे समर्थक हा आकडा फार आवडीने सांगतात. पण तुलनेतलं आधीचं वर्ष होतं सप्टेंबर २००१ नंतरचं, जेव्हा शहरात बाहेर बसणारे लोकच कमी झाले होते. त्यामुळे या आकड्यावरून बंदीने धंदा वाढला असं मी म्हणणार नाही. बंदीने धंदा मोडला नाही, एवढं नक्की म्हणेन.

आणि संघटनेचं म्हणणं? १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्सने रेस्टॉरंटमध्ये सिगारेट बंद केली. लगेच रेस्टॉरंटमालकांची एक संघटना उभी राहिली आणि विक्री ३० टक्क्यांनी पडल्याचा दावा झाला. काही महिन्यांतच नियम सैल केला गेला. विक्रीकराच्या नोंदींत अशी घसरण दिसली नाही. पुढे त्या संघटनेच्या अध्यक्षानेच लिहून दिलं की बंदीआधी अशी संघटना नव्हतीच, तंबाखू उद्योगाने ती उभी केली. पण तो ३० टक्क्यांचा आकडा पुढे गावोगाव फिरत राहिला. २००३ मध्ये, बंदीचा धंद्यावर काय परिणाम होतो यावरच्या ९७ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. ज्यांना तंबाखू उद्योगाचा पैसा होता त्यातले जवळजवळ सगळे नुकसान सांगत होते. नीट पद्धतीने केलेल्या अभ्यासांत नुकसान दिसलं नाही. तुमची संघटना विकली गेली आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण तिथे एखादा टक्का ऐकलात तर तो कोणी, कधी आणि कुठल्या महिन्याशी तुलना करून काढला, एवढं विचारा. उत्तर ‘असं म्हणतात’ असेल तर तो सोडून द्या.

जुगाराचं मात्र तसं नाही, इथे मालकांची भीती बऱ्यापैकी खरी ठरलेली आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने सप्टेंबर २००२ पासून जुगाराच्या मशीन असलेल्या जागांत सिगारेट बंद केली आणि मशीनवर लोकांनी घालवलेल्या पैशात सुमारे १४ टक्के घट झाल्याचं अभ्यासात दिसलं. मशीनची कमाई माणूस न उठता किती वेळ बसतो यावर असते. सिगारेटसाठी उठला, बाहेर वारा लागला, घड्याळ बघितलं, की पुष्कळदा तो परत बसत नाही. (खेळणाऱ्याच्या घरच्यांना विचाराल तर ते याला नुकसान म्हणणार नाहीत.) ब्रिटनमधल्या बिंगो हॉलना हाच फटका वेगळ्या तऱ्हेने बसला. त्यांची मोठी कमाई मुख्य खेळांच्या मधल्या सुट्टीत टेबलावर होणाऱ्या छोट्या झटपट खेळांतून व्हायची. बंदी आल्यावर नेमक्या त्याच सुट्टीत निम्मं टेबल बाहेर जाऊन उभं राहायला लागलं.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात जानेवारी २००८ पासून कॅसिनोतही बंदी आली, पण नदीपलीकडच्या शेजारी राज्यांत कॅसिनोत सिगारेट चालत होती. त्या वर्षी इलिनॉयमधल्या कॅसिनोंची कमाई साधारण वीस टक्क्यांनी पडली. आता त्याच वर्षी मंदीही आली, त्यामुळे किती वाटा कशाचा यावर अर्थतज्ज्ञांचं आजही एकमत नाही. अटलांटिक सिटी या अमेरिकेतल्याच कॅसिनोंच्या शहराने ऑक्टोबर २००८ मध्ये कॅसिनोत पूर्ण बंदी लावली आणि महिनाभरात मागे घेतली. पण लास वेगासमधलं पार्क एमजीएम हे कॅसिनो-हॉटेल २०२० मध्ये पुन्हा उघडलं ते आपणहून पूर्ण धूरमुक्त होऊनच, आणि तसंच चालू आहे. म्हणजे गर्दीच्या ठिकाणी ‘आमच्याकडे धूर नाही’ हेच एखाद्याचं वैशिष्ट्य होऊ शकतं. तुमच्याकडे मशीन नाहीत, त्यामुळे यातलं फार थोडं तुम्हाला लागू. पूल टेबल तासावर असतं आणि घड्याळ चालू असतं. टेबल घेतलेला माणूस दोन मिनिटं बाहेर गेला म्हणून तुमचा पैसा थांबत नाही. फक्त ते घड्याळ त्याच्यासाठी थांबवायची सवलत सुरू करू नका, एकदा केली की कायमची गळ्यात पडते.

आता मधला मार्ग. भागीदार लवकरच म्हणेल, पूर्ण बंद कशाला, काचेची स्मोकिंग रूम करू, चांगला एक्झॉस्ट लावू. जवळजवळ प्रत्येक मालक या थांब्यावर येतोच, आणि मालकांचा सगळ्यांत जास्त पैसा इथेच बुडालेला मी पाहिला आहे. स्पेनमध्ये जानेवारी २००६ च्या कायद्याने १०० चौरस मीटरपेक्षा लहान जागांना काय करायचं ते ठरवायची मोकळीक दिली. मोठ्यांना सिगारेट चालू ठेवायची तर वेगळा भाग काढणं सक्तीचं केलं. लहानांपैकी बहुतेकांनी सिगारेट चालू ठेवली, कारण शेजारी चालू ठेवतोय. मोठ्यांनी भिंती, काचा, हवेची यंत्रणा यावर खर्च केला. २ जानेवारी २०११ ला सरसकट बंदी आली आणि त्या काचा नुसत्या शोभेच्या उरल्या. नेदरलँड्समध्येही स्मोकिंग रूम बरीच वर्षं चालल्या, शेवटी २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या तंबाखूविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या विरोधात ठरवल्या.

एक्झॉस्टने हवा स्वच्छ वाटते, पण होत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सरकारच्या आरोग्यविषयक मुख्य डॉक्टरच्या, २००६ च्या अहवालाने हे स्पष्ट लिहिलं. ‘ॲशरे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेनेही, जिचे सभासद अशा यंत्रणा बसवण्यावरच पोट भरतात, २००५ मध्ये सांगितलं की सिगारेटच्या धुराचा धोका घालवायला आत ओढू न देणं हाच उपाय आहे. आणि स्मोकिंग रूमचं दार दर दोन मिनिटांनी उघडतं. आत काचेवर पिवळट थर, कोपऱ्यात भरून वाहणारा ॲशट्रे, तो रिकामा करायला धुरात शिरणारा तुमचाच पोरगा. ओढणारेसुद्धा अशा खोलीत फार वेळ थांबत नाहीत, एक ओढून बाहेर येतात. तेवढ्याच पैशात बाहेर आडोसा, बाकडी आणि नीट दिवा होतो.

कर्मचाऱ्यांबद्दल मालक आधी बोलत नाहीत आणि नंतर मात्र हेच पहिलं सांगतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ५३ बारटेंडरना कॅलिफोर्नियाच्या बंदीआधी आणि नंतर तपासलं गेलं. आधी ३९ जणांना खोकला, घरघर, कफ अशा तक्रारी होत्या. बंदीनंतर काही आठवड्यांतच त्यांतल्या २३ जणांच्या तक्रारी गेल्या. संख्या लहान आहे, पण माझ्या अनुभवाशी जुळते. स्वतः ओढणारा बारटेंडरही आठ तास दुसऱ्यांचा धूर खाऊन घरी जातो. आणि चांगला बारटेंडर किंवा साउंडवाला सोडून गेला की किती महागात पडतं हे मालकाला वेगळं सांगायला लागत नाही. अटलांटिक सिटीत तर कॅसिनोचे कर्मचारीच, कॅसिनोत सिगारेट चालू ठेवायची सवलत रद्द करा म्हणून २०२४ मध्ये कोर्टात गेले.

आतापर्यंतचं धरून सांगायचं तर: गिऱ्हाइकाची भीती फुगवलेली, एकटं पडण्याची भीती रास्त, अर्धवट उपाय महाग. आता प्रत्यक्ष काय करायचं ते, कारण जिथे फसतं तिथे बहुतेक इथेच फसतं.

धूर गेला की पहिल्या आठवड्यात जागेला वास येतो. सांडलेली बिअर, घाम, जुना गालिचा, बाथरूम, हे सगळं इतकी वर्षं धुराखाली झाकलेलं होतं. ब्रिटनमधल्या क्लबवाल्यांना बंदीनंतर याचाच मोठा धक्का बसला होता. म्हणून तारखेच्या आधी दोन दिवस जागा बंद ठेवून पडदे, गाद्या, एसीचे फिल्टर, छत, सगळं धुऊन काढा. छताला रंग लावणार असाल तर आधी पुसून घ्या. निकोटीनचा पिवळा थर नव्या रंगातून वर येतो. पूल टेबलांची कापडं त्याच वेळी बदला. तुमच्या टेबलांच्या लाकडी कडा बघा, सिगारेट टेकवून ठेवल्याच्या तपकिरी डागांची रांग दिसेल. कापडावर जिथे ठिणगी पडून टाचणीच्या डोक्याएवढं भोक आहे तिथे हळू येणारा बॉल किंचित वळतो, आणि चांगला खेळणारा ते लगेच ओळखतो. नवं कापड दिसलं की त्याला बंदी का केली ते समजावावं लागत नाही.

ॲशट्रे एका रात्रीत सगळे उचला, एकही शिल्लक नको. कोणी पेटवलीच तर वेटरने दुरून ‘सर, अलाउड नाही’ म्हणायचं नाही. जवळ जायचं, पाण्याची बशी पुढे धरायची, आणि म्हणायचं, ‘बाहेर बसायची सोय केलीय, ग्लास मी सांभाळतो.’ हातातून सिगारेट घ्यायची नाही. दुसऱ्यांदा तेच झालं तर तुम्ही स्वतः जा. व्हेपलाही (ई-सिगारेटलाही) पहिल्या दिवसापासून हाच नियम लावा, नाहीतर अंधारात कोण काय ओढतंय यावर दर रात्री वाद होतील.

ग्लासचा प्रश्न किरकोळ वाटतो, तसा तो नाही. बाहेर जाताना ग्लास टेबलावर सोडायला लोक, खास करून बायका, कोणी त्यात काही मिसळेल म्हणून घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. काउंटरवर एक जागा ठेवा, ग्लास घ्या, नंबराचा बिल्ला द्या. बिल न देता निघून जाणारेही थोडे निघतील. पहिल्या पेगलाच बिल उघडून घेतलं की ते जवळजवळ थांबतं.

दारातच उभं राहू देऊ नका. धूर आत येतो आणि नवा माणूस घोळक्यातून वाट काढत आत शिरत नाही. आडोसा दारापासून लांब, पण परत येताना काउंटरवरून जावं लागेल असा. बाहेरून परतणारा माणूस बऱ्याचदा तिथेच पुढचं ड्रिंक मागतो. रात्री अकरानंतर बाहेरच्या आवाजाबद्दल शेजारी तक्रार करणार, हे धरून चाला. बंदीनंतर मालकांची सगळ्यांत मोठी कटकट मी पाहिली ती हीच, म्हणून शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्या. तुमच्याकडे बाहेर उभं राहायला हक्काची जागा नसेल, तर मात्र मी कायद्याची वाट पाहा असंच सांगेन.

शनिवारच्या संगीतासाठी दोन लांब भागांऐवजी तीन छोटे भाग करा आणि मध्यंतराची वेळ स्टेजवरून सांगून टाका. वेळ माहीत असली की ओढणारा थांबतो. माहीत नसली की गाण्याच्या मध्येच उठतो आणि त्याच्यामागे चारजण उठतात. गाणाऱ्यांना विचाराल तर त्यांची तुम्हाला साथ मिळेल.

सुरुवात हवा बरी असेल तेव्हा करा, म्हणजे बाहेर जायची सवय आनंदाने लागते. आयर्लंड आणि स्कॉटलंडने मार्च निवडला, नॉर्वेने जून, इंग्लंडने जुलै. इटलीने भर थंडीत, १० जानेवारी २००५ ला सुरू केली आणि तीही टिकली, पण त्यांच्यामागे कायदा होता. हुक्का लाउंजवाल्यांनी यातलं काही स्वतःला लावून घेऊ नये, तिथे विकायचा मालच धूर आहे.

शेवटी भागीदार. त्याच्याशी बोलून पटवापटवी करण्यापेक्षा कागदावर या. बार, टेबलांचे तास आणि शनिवारची तिकिटं हे तीन आकडे वेगवेगळे काढा, कारण बंदीनंतर बहुधा ते तिघे तीन दिशांना जातात. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा, मागच्या महिन्याशी नको. आधीची दोन वर्षंही मांडा, म्हणजे घसरण आधीपासूनच चालू असेल तर दिसेल. पहिल्या सहा आठवड्यांच्या आकड्यांवर कोणीही वाद घालायचा नाही, असं ठरवा. एकूण विक्री किती पडली तर परत बसून विचार करायचा तो आकडा आजच दोघांनी मिळून लिहा. नंतर लिहायला गेलात तर ज्याचा त्याचा आकडा सोयीचा निघेल. मधेच कायद्याची तारीख जाहीर झाली तर ही अट आपोआप रद्द. आणि स्मोकिंग रूमचा खर्च दोघांच्या सहीशिवाय होणार नाही, ही ओळही त्यात घाला.